टीव्ही मॉनिटर म्हणून चालेल का? चालेल, पण आधी डिशची वायर बघा

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरकडच्या एक ताई घरी बसून मराठी डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, ग्रामपंचायतीची पत्रकं, शिवाय दोन-चार दुकानांचे हिशेब. त्यांचा २४ इंची मॉनिटर या पावसाळ्यात बंद पडला. घरात ४३ इंची फोर-के टीव्ही आहे, तो त्यांनी एचडीएमआय वायरने संगणकाला जोडून पाहिला. अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, रंगीत अक्षरं तर पुसटच, खालचा टास्कबार अर्धा कापला जातो आणि माऊस हाताच्या मागून येतो. संगणक इंटेलच्या आठव्या पिढीचा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. टीव्हीला डिशचा सेटटॉप बॉक्सही लावलेला आहे. टीव्ही या कामाला निकामी आहे का, की आपलंच सेटिंग चुकतंय, असं त्या विचारतात. यजमानांचं म्हणणं, डोकं लावू नको, सरळ नवा मॉनिटर घे.

ताई, टीव्ही निकामी नाही. ४३ इंचात ३८४० बाय २१६० ठिपके म्हणजे इंचाला साधारण १०२ ठिपके. तुमचा जुना मॉनिटर फुल एचडी असेल तर त्यात इंचाला ९२ होते. म्हणजे नुसत्या काचेचा हिशेब केला तर टीव्हीच सरस. अडचण अशी की टीव्ही बनवणारा धरून चालतो, आत येणारं चित्र क्रिकेटचं, बातम्यांचं नाहीतर सिनेमाचं आहे. ते चित्र टीव्ही आधी थांबवतो, घासूनपुसून त्यावर रंग चढवतो आणि मग दाखवतो. तुमच्या अक्षरांचं वाटोळं तिथेच होतं. ही सगळी न मागितलेली मदत एकेक करून बंद करत जायची, एवढंच काम आहे. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन रिमोटने सुटतील, चौथीसाठी एक छोटी वस्तू विकत घ्यावी लागेल.

पण ते नंतर. तुम्ही जे विचारलेलं नाही ते आधी सांगतो, कारण आपल्या किनारपट्टीवर टीव्ही आणि संगणक एकत्र जोडणाऱ्यांचं खरं नुकसान सेटिंगमुळे होत नाही. ते होतं छपरावरच्या डिशमुळे आणि नावापुरत्या अर्थिंगमुळे.

आजवर तुमचा संगणक एका कोपऱ्यात एकटा होता. एचडीएमआय लावल्याबरोबर तो टीव्हीशी, टीव्हीमार्फत सेटटॉप बॉक्सशी आणि तिथून तांब्याच्या वायरीने थेट छपरावरच्या डिशशी जोडला गेला. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस हे आपल्याकडचे विजांचे दिवस. वीज डिशवरच पडायला हवी असं नाही. शेजारच्या माडावर पडली तरी त्या लांब वायरीत क्षणभर मोठी उसळी येते. ती सेटटॉप बॉक्सच्या धातूच्या कवचातून एचडीएमआयच्या वायरीत शिरते आणि मदरबोर्डापर्यंत जाते. लोक महागातला स्पाइक गार्ड लावून निश्चिंत होतात. तो भिंतीतल्या लाइनपुरता असतो, डिशच्या वायरीवर त्याचा काही ताबा नाही. अशा संचांत दुरुस्तीला नेहमी येतं ते हे: टीव्ही चालतो, संगणकही चालतो, फक्त दोन्हीकडचे एचडीएमआय मेलेले.

उपाय फुकटचा आहे. ज्या वेळी टीव्ही संगणकाला जोडलेला असेल त्या वेळी सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय टीव्हीतून काढलेली असू द्या. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, ढग गडगडायला लागले की, डिशची वायर बॉक्सच्या मागून पिळून काढून ठेवा आणि टीव्ही-संगणकाचे प्लग भिंतीतून उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटणाच्या आतली फट विजेला फार लहान पडते. इंटरनेट फायबरचं असेल तर ती काचेची तार वीज आणत नाही, पण तिच्या डब्याचा अॅडॉप्टर आणि तिथून संगणकाला गेलेली लॅनची वायर आणू शकते. तीही काढा.

आता अर्थिंग. बहुतेक टीव्हींचा प्लग दोन पिनांचा, संगणकाचा तीन पिनांचा. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये आत येणारी गडबड तिसऱ्या पिनेतून जमिनीत सोडायची सोय असते. जमीनच नसेल तर ती गडबड कॅबिनेटवर येऊन बसते. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला मनगट टेकवलं की मुंग्या आल्यासारखं होतं, ते हेच. टेस्टर लावलात तर मिणमिणता दिवा दिसेल. टीव्हीच्या मागच्या धातूवरही दोन पिनांमुळे असाच थोडा ताण तरंगत असतो. माणसाला त्याने सहसा इजा होत नाही, पण एचडीएमआय खुपसताना हे दोन ताण एकमेकांना भेटतात आणि मधल्या नाजूक पिनांतून वाट काढतात. मग पोर्ट जातो आणि आपण वायरीला दोष देतो.

आपली घरं जांभ्यावर. वर हातभर माती, खाली कातळ. जमीन ओली असते तोवर अर्थिंग बरं लागतं, एप्रिल-मेमध्ये तोच खड्डा कोरडाठाक पडतो. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दिसतात ते मीटरने मोजून घ्या, आणि तेही उन्हाळ्यात मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर खड्डा नव्याने भरायला हवा. कोळसा-मिठाचा असेल तर उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतत जा. अर्थिंगचं हे काम होईपर्यंत एचडीएमआयला हात लावायची एकच रीत ठेवा: दोन्ही प्लग भिंतीतून बाहेर, मग एचडीएमआय, मग प्लग. चालू यंत्रात एचडीएमआय काढता-घालता येते असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. चांगलं अर्थिंग असलेल्या घरात ते खरंही आहे.

आता तुमच्या तक्रारी.

कापलेला टास्कबार सगळ्यात सोपा. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हींच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असत, म्हणून टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा चौकटीबाहेर ढकलत. नळ्या गेल्या, सवय राहिली. सॅमसंगमध्ये पिक्चर साइजच्या आत ‘फिट टू स्क्रीन’, एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’ असं काहीतरी सापडेल, ते चालू करा. संगणकाच्या बाजूने चित्र लहान करून टास्कबार आत आणण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टीव्ही फुगवणार, संगणक आक्रसणार, आणि मध्ये ठिपक्याला ठिपका जुळणार नाही. अक्षरं फुटण्याचं अर्धं कारण हेच असतं.

उरलेलं अर्धं कारण शार्पनेस. टीव्ही अक्षराच्या कडेला पांढरी किनार काढून ते ‘ठसठशीत’ करायला बघतो. सॅमसंगवर शार्पनेस शून्याला आणा, एलजीवर शून्याच्या आसपास. सोनीचं उलटं आहे, तिथे ५० म्हणजे काहीच न करणं, त्याच्या खाली नेलं तर चित्र मऊ होतं. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, मोशन स्मूदिंग, इको सेन्सर ही सगळी मंडळीही घरी पाठवा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असला तर पांढरं पान उघडल्यावर उजेड एक, काळी खिडकी उघडल्यावर दुसरा, आणि दिवसभर डोळे त्याच्या मागे धावतात.

रंगीत अक्षरं पुसट का, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुमचं पोट लग्नपत्रिकेवर आहे आणि लग्नपत्रिका म्हणजे पिवळ्यावर लाल. डिश, डीव्हीडी, मोबाइलवरचे सिनेमे, या सगळ्यांत प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेगळा पाठवतात, रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच. चार घरांत रंगाचा एकच डबा फिरवावा तसं. याला ४:२:० म्हणतात. दोन ठिपक्यांत एक रंग असेल तर ४:२:२, आणि ज्याचा त्याला स्वतंत्र रंग असेल तर ४:४:४. सिनेमात माणसाच्या डोळ्याला हा फरक कळत नाही. पांढऱ्यावर काळ्या अक्षरातही फारसा कळत नाही, कारण तिथे फरक उजेडाचा आहे. पण पिवळ्यावर लाल किंवा निळ्यावर लाल आलं, की अक्षराची कड हा रंगाचाच फरक असतो आणि तो शेजारच्या ठिपक्यांत सांडतो. मराठीत याचा फटका जास्त बसतो. अनुस्वार, रफार, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातली डोक्यावरची गाठ, ‘प’ आणि ‘ष’ मधली तिरकी रेघ, हे सगळं दोन-तीन ठिपक्यांचा मामला. शुभविवाहाच्या मजकुरातला अनुस्वार स्क्रीनवर दिसला नाही आणि छापून आला नाही, तर वधूपक्षाला चार ठिपक्यांची गोष्ट सांगून भागत नाही.

तुमचा संगणक बहुधा पूर्ण रंगच पाठवतोय, टीव्ही आत घेतल्यावर ते पातळ करतोय. त्याला सांगावं लागतं की या पोर्टवर संगणक आहे. सॅमसंग आणि एलजीत इनपुटच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआयचं चिन्ह किंवा नाव ‘पीसी’ असं बदलायचं. नाव बदलल्याने काय होणार असं वाटेल, पण नावासोबत आतली सगळी वागणूक बदलते. सोनीत पिक्चर मोड ‘ग्राफिक्स’ किंवा ‘गेम’ ठेवायचा. बाकी कंपन्यांत पीसी मोड नसेल तर गेम मोड लावून बघा. खात्री करायची असेल तर पेंटमध्ये निळं पान घेऊन त्यावर लहान टायपात लाल अक्षरं टाका आणि १०० टक्क्यांवर बघा. कडा स्वच्छ असतील तर काम झालं. अक्षर धुक्यात असल्यासारखं असेल तर नाही झालं. काही स्वस्त टीव्ही काहीही केलं तरी पूर्ण रंग दाखवत नाहीत. तुमचा टीव्ही या परीक्षेत नापास झाला तर पुढचं वाचू नका, यजमानांचं ऐका.

याच जागी आणखी एक भानगड असते. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५, संगणकाच्या जगात ० आणि २५५. दोघांचं जुळलं नाही तर एकतर काळं राखाडी दिसतं, नाहीतर गडद भागातले बारकावे बुडतात. इंटेलच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाखाली ‘क्वांटायझेशन रेंज’ आहे, टीव्हीत ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा तत्सम नाव आहे. दोन्हीकडे फुल ठेवा. टीव्हीत फुल मिळत नसेल तर दोन्हीकडे लिमिटेड चालेल, पण एकाच बाजूने बदल नको.

रंगांबद्दल दोन वाक्यं. दुकानात टीव्ही ज्या ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये झळकत असतो त्यात हापूसचं लेबल करू नका, छापून आल्यावर आंबा कच्चा दिसेल. कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ ठेवा, पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. तरीही गिऱ्हाइकाला रंग दाखवायचा तो कागदावरच.

आता माऊस. याला दोन कारणं आहेत आणि तुमच्याकडे ती दोन्ही हजर आहेत. पहिलं, टीव्ही चित्रावर संस्कार करत बसतो म्हणून ते उशिरा दिसतं. पीसी किंवा गेम मोड लावला की हा भाग सुटतो. दुसरं कारण टीव्हीचं नाही, संगणकाचं आहे. इंटेलच्या सहाव्यापासून दहाव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवरचा एचडीएमआय १.४ जातीचा असतो. हे मानक २००९ सालचं, त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० लागतं, ते २०१३ मध्ये आलं. विंडोजच्या ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ मध्ये रिफ्रेश रेट बघा, ३० दिसेल अशी माझी खात्री आहे. ३० वर टायपिंग होतं, पण कोरलड्रॉ या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसने वळणं काढताना जीव मेटाकुटीला येतो.

तुमच्या संगणकाच्या मागे एचडीएमआयसारखंच, पण एकच कोपरा कापलेलं एक भोक आहे का बघा. ते डिस्प्लेपोर्ट. आठव्या पिढीचं ग्राफिक्स तिथून फोर-के ६० वेळा सहज पाठवतं. तिथे ‘अॅक्टिव्ह’ जातीचं, फोर-के ६० हर्ट्झ लिहिलेलं, डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय करणारं कनेक्टर लावायचं. दुकानदार स्वस्तातलं साधं देतील, त्यावर बरेचदा पुन्हा ३० वरच अडकाल. दिशा पण तपासा, एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट करणारी वस्तू दिसायला जुळी असते आणि इथे काही कामाची नाही. डिस्प्लेपोर्ट नसेल तर एचडीएमआय २.० असलेलं छोटं ग्राफिक कार्ड, उदाहरणार्थ जीटी १०३०, सेकंडहँडही मिळतं आणि त्याला वेगळी पॉवर वायर लागत नाही. पण कॅबिनेट बारीक उभं असेल तर आखूड पट्टीचंच कार्ड बसेल, मोजून मागवा. आणि खर्चच करायचा नसेल तर रिझोल्यूशन २५६० बाय १४४० करून बघा. एवढं चित्र १.४ मधूनही ६० वेळा जातं आणि बरेच फोर-के टीव्ही ते घेतात. अक्षरं थोडी मऊ दिसतील. १९२० बाय १०८० वर मात्र येऊ नका, ४३ इंचावर इंचाला ५१ ठिपके म्हणजे जोडाक्षरांची खिचडी.

६० वर नेल्यावर स्क्रीन काळा पडला किंवा पर्यायच दिसला नाही, तर टीव्हीचा तो पोर्ट मोकळा करावा लागतो. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ मध्ये एन्हान्स्ड. वायर दोन मीटरच्या आतली घ्या. माडीवरून ओटीपर्यंत दहा मीटर वायर ओढून फोर-केची अपेक्षा करणारे गिऱ्हाईक दरवर्षी भेटतात. वायरलेसचं तर विचारूच नका, विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबून टीव्हीवर चित्र जातं खरं, पण ते फोटो दाखवायला. टायपिंगला नाही.

विंडोजला मोठा फोर-के टीव्ही दिसला की तो समजतो तुम्ही दहा फुटांवर बसलाय, आणि सगळं ३०० टक्के करून ठेवतो. ते १०० किंवा १२५ वर आणा. मग शोधमध्ये ‘क्लिअरटाइप’ (विंडोजची अक्षरांच्या कडा नितळ करायची सोय) टाइप करून जे पान येतं त्यातले नमुने नीट बघून निवडा. काही टीव्हींच्या काचेत लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा असतो आणि तसं असेल तर अक्षरांना रंगीत झालर दिसते. नमुने निवडताना ती कमी होते. अगदीच जाईना तर क्लिअरटाइप बंद करून बघा.

बसण्याबद्दल लोक सर्वांत कमी विचार करतात आणि मानेचं दुखणं घेऊन येतात. ४३ इंची पडदा डोळ्यांपासून किमान अडीच-तीन फुटांवर हवा. नेहमीचं संगणकाचं टेबल दीड-पावणेदोन फूट खोल असतं, त्यावर टीव्ही ठेवलात तर डोकं टेनिस बघितल्यासारखं फिरेल. जेवणाचं टेबल घ्या किंवा टीव्ही मागच्या भिंतीला टेकवून टेबल पुढे ओढा. भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही या कामाला बाद. तो झोपाळ्यावर रेलून बघायला टांगलेला असतो, खुर्चीत बसून मान वर करून आठ तास नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली तर उत्तम, नाहीच जमलं तर चालू काम पडद्याच्या खालच्या मधल्या भागात ठेवा आणि वरच्या पट्ट्यात गिऱ्हाइकाने पाठवलेला मूळ मजकूर. खरं तर डीटीपीला एवढ्या मोठ्या पडद्याची गंमत यातच आहे: ए-फोरची दोन पानं शेजारी शेजारी खऱ्या मापाची दिसतात आणि बाजूला व्हॉट्सअॅपही मावतं. उजेड बेताचा ठेवा. त्यासाठी ‘बॅकलाइट’ कमी करायचा, काही कंपन्या त्यालाच ब्राइटनेस म्हणतात. पडवीकडच्या दाराचा प्रकाश काचेवर येणार असेल तर टीव्हीची बाजूच बदला.

टीव्ही ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणाऱ्या जातीचा असता तर मी नकोच म्हटलं असतं. टास्कबार आणि कोरलच्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी राहतात, त्यांचा डाग त्या काचेवर कायमचा उमटू शकतो. साध्या एलईडीला ती भीती नाही.

छोट्या कटकटी असतील. संगणक झोपला की मॉनिटरही झोपतो, टीव्ही मात्र ‘नो सिग्नल’ दाखवत बसतो आणि मग बंद होतो, उठवायला रिमोट लागतो. चार-चार तासांनी आपोआप बंद होण्याचं सेटिंगही असतं, ते शोधून काढून टाका, नाहीतर ऐन गडबडीत पडदा मिटेल. आवाज टीव्हीतून यायला लागेल, नको असेल तर विंडोजमध्ये स्पीकर बदला. यूपीएसचा हिशेब नव्याने करा. २४ इंची मॉनिटर २०-२५ वॉट खातो, ४३ इंची टीव्ही उजेडाप्रमाणे ६० ते १००. लाइट गेल्यावर जी दहा मिनिटं मिळत होती ती सहा होतील. आणि टीव्ही यूपीएसवर न घेता भिंतीत लावलात तर संगणक चालू राहील पण फाइल सेव्ह करायला काही दिसणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट येते-जाते तिचं वेगळं सांगायला नको. दिवसाला आठ तास धरले तर महिन्याला साधारण १३ युनिट जादा पडतील.

दमट हवेचं काय करायचं हेही बघून ठेवा, कारण तुमचा मॉनिटर पावसाळ्यातच गेला. समुद्रावरची हवा मिठाची, जून ते सप्टेंबर ओलीची. टीव्ही जांभ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा, पश्चिमेची भिंत तर टाळाच. पावसाळ्यात रोज तास-दोन तास चालू ठेवा, आतल्या उबेने ओल निघून जाते. महिनाभर बंद ठेवून गणपतीला लावलेले संच दुरुस्तीला जास्त येतात. प्लास्टिक गुंडाळू नका, आत पाणी सुटतं. सुती कापड चालेल, तेही संच गार झाल्यावर. रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं लावा, कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते आणि मग आतल्या पिना मोडल्याशिवाय ती माती निघत नाही. मागच्या जाळीतून पाल शिरली तर पॉवर बोर्डावर जाते आणि स्वतःसकट बोर्डही जाळते. तिथे डासांच्या जाळीचा पातळ तुकडा लावा, पण हवा अडेल असं जाड काही नको. एचडीएमआयच्या टोकावर हिरवट दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रॉकेलने नाही.

यजमानांच्या बाजूनेही बोलतो. टीव्ही घरात एकच असेल तर संध्याकाळी सातला मालिका सुरू झाली की तुमचं ऑफिस बंद. लग्नसराईत पत्रिका रात्रीच होतात. शिवाय रोज वायरी काढ-घाल करणं म्हणजे मी वर सांगितलेल्या पोर्ट जळण्याला रोजचं आमंत्रण. टीव्ही फक्त तुमच्या कामाला देता येत असेल तर ठेवा, आणि त्याच्या वॉरंटी कार्डावर घरगुती वापरापुरती अशी अट आहे का तेही वाचा. देता येत नसेल तर २४ इंची, डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घ्या. कुणी माळ्यावरचा ३२ इंची जुना ‘एचडी रेडी’ टीव्ही देऊ केला तर तो सीसीटीव्ही बघायला ठेवा. १३६६ बाय ७६८ म्हणजे इंचाला ४९ ठिपके, त्यावर मराठी मजकूर तपासणं डोळ्यांचे हाल आहेत.

आणि हे सगळं करायच्या आधी तो बंद पडलेला मॉनिटर एकदा तपासा. त्याला बाहेरून चार्जरसारखा अॅडॉप्टर असेल तर पावसाळ्यात सहसा तोच जातो. वरचा दिवा अजिबात लागत नसेल तर मॉनिटरवर लिहिलेल्या व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तशाच पिनेचा दुसरा अॅडॉप्टर लावून बघा. दिवा लागतोय पण पडदा काळा असेल तर अंधारात काचेवर तिरकी बॅटरी मारा. मागे अंधुक चित्र दिसलं तर फक्त बॅकलाइट गेलाय, आणि चिपळूण-रत्नागिरीकडचा कुठलाही बरा कारागीर ते दुरुस्त करून देईल.